डॉट इन, डॉट कॉम आणि गुगलवरची जागा

डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये सुरू झाली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये. मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरच्या तीन शहरांनी चार वर्षांच्या आत आपापली बँक उभी केली. २०२५ मध्ये या तिन्ही बँकांवर, आणि देशातल्या सगळ्याच बँकांवर, एकच काम येऊन पडले: वेबसाइटचा पत्ता बदलणे. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारीला घोषणा केली, २२ एप्रिलला परिपत्रक काढले आणि ३१ ऑक्टोबरच्या आत प्रत्येक बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जावे, असा आदेश दिला. नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या.

कारण सरळ होते. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते डॉट कॉम, डॉट ऑनलाइन किंवा डॉट साइट कोणीही विकत घेऊ शकतो आणि त्यावर हुबेहूब पान उभे करून खातेदाराचा पासवर्ड काढून घेऊ शकतो. ‘डॉट बँक डॉट इन’ मात्र रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या हैदराबादच्या संस्थेमार्फतच मिळते आणि फक्त बँकांनाच मिळते. त्यामुळे पत्त्याचा शेवट वाचला की समोरची साइट खरोखर बँकेची आहे का, हे ओळखता येते.

बँकांनी हे आदेशामुळे केले. पण ठाण्याच्या राम मारुती रोडवरचा कापड दुकानदार, डोंबिवलीच्या फडके रोडवरची फराळाची ऑर्डर घेणारी गृहउद्योजिका, कल्याणच्या मुरबाड रोडवरचा क्लासचालक किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कारखानदार यांना कोणी आदेश देत नाही. त्यांना स्वतःच ठरवायचे असते, आणि बहुतेकदा वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या सल्ल्यावर विसंबून. तो सल्लाही दर माणसागणिक वेगळा असतो. एक सांगतो डॉट कॉम घ्या, गुगल त्यालाच मानते. दुसरा म्हणतो डॉट इन घ्या, भारतात वर याल. तिसरा डॉट शॉप किंवा डॉट अॅकॅडमी सुचवतो, कारण ‘त्यात कीवर्ड आहे’.

यातला पहिला आणि तिसरा सल्ला चुकीचा आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे.

गुगलने जुलै २०१५ मध्ये याबद्दल स्वतःच खुलासा केला. त्याआधीच्या दोन वर्षांत नव्या एक्स्टेन्शनांचा, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागांचा, पूर आला होता. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे २०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शनांसाठी १,९३० अर्ज आले आणि २०१३ च्या अखेरीपासून ती एकेक करून सुरू झाली. हे नवे एक्स्टेन्शन घेतल्याने क्रम वर जाईल का, असा प्रश्न जगभर विचारला जात होता. गुगलचे उत्तर स्पष्ट होते: नव्या एक्स्टेन्शनांना डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारखेच वागवले जाते, आणि एक्स्टेन्शनमध्ये एखादा शब्द असल्याचा शोधक्रमात फायदाही नाही, तोटाही नाही. डॉट लंडनसारखे शहराच्या नावाचे एक्स्टेन्शनसुद्धा त्या शहराचे म्हणून नव्हे, तर सर्वसाधारण म्हणूनच धरले जाते. ठाण्याच्या नावाचे एक्स्टेन्शन अस्तित्वात नाही, पण उद्या ते आले तरी केवळ त्यामुळे ठाण्यातला दुकानदार वर जाणार नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये गुगलची मूळ कंपनी म्हणून ‘अल्फाबेट’ची घोषणा झाली आणि तिने स्वतःसाठी पत्ता घेतला तो ‘एबीसी डॉट एक्सवायझेड’. शोधक्रमाची सूत्रे ज्यांच्या हातात आहेत त्यांनीच डॉट कॉमचा आग्रह धरला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पत्त्यात शब्द कोंबण्याची युक्ती पूर्वी चालत असे, हेही खरे. एखाद्या शहराचे नाव, व्यवसायाचे नाव आणि पुढे ‘बेस्ट’ असे जोडून डोमेन घेतले की मजकूर सुमार असला तरी साइट पहिल्या पानावर झळके. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने नेमका हाच प्रकार लक्ष्य करून बदल केला आणि निकृष्ट मजकुराच्या अशा साइट खाली गेल्या. तरीही ही कल्पना आपल्याकडे अजून विकली जाते. आजही ‘बेस्ट केटरर इन डोंबिवली’ एवढे सगळे एका पत्त्यात बसवून देणारे भेटतात. असा पत्ता फोनवर सांगता येत नाही, पाटीवर मावत नाही आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात राहत नाही.

मग एक्स्टेन्शनने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो देशाच्या बाबतीत पडतो. डॉट इन हे भारताचे, डॉट डीई जर्मनीचे, डॉट एई संयुक्त अरब अमिरातीचे. अशा देशवाचक एक्स्टेन्शनकडे गुगल ‘ही साइट या देशातल्या लोकांसाठी आहे’ अशी ठळक खूण म्हणून पाहते. ज्याचे गिऱ्हाईक भारतातच आहे त्याच्यासाठी ही खूण चांगलीच आहे. पण भारतातल्या सगळ्या डॉट इन साइटना ती सारखीच लागू होते. शेजारच्या गल्लीतल्या स्पर्धकाकडेही डॉट इन असेल तर त्याच्यापुढे जायला ती उपयोगी नाही. डॉट इन आणि डॉट को डॉट इन यांच्यातही या दृष्टीने काही अंतर नाही.

डॉट इनचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. ८ मे १९८९ रोजी हे एक्स्टेन्शन भारताला मिळाले आणि त्याची व्यवस्था सुरुवातीला जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. नियम कडक होते, त्यामुळे पंधरा वर्षांत जेमतेम काही हजार नावे नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे कारभार आला आणि डॉट इन सर्वांना खुले झाले. तोवर भारतातल्या बहुतेक व्यावसायिकांनी डॉट कॉम घेऊन टाकले होते. ‘डॉट कॉम म्हणजे खरी वेबसाइट’ ही समजूत त्या काळातली आहे.

डॉट कॉम असलेल्या साइटलाही भारतातली, डोंबिवलीतली म्हणून ओळख मिळू शकते. गुगल फक्त एक्स्टेन्शन बघत नाही. पानावरची भाषा, किमती रुपयांत आहेत का, पूर्ण पत्ता, दूरध्वनी क्रमांक, स्थानिक साइटवरून आलेल्या लिंक आणि गुगल बिझनेस प्रोफाइल यांवरूनही ते देश आणि गाव ओळखते. कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ आणि ठाण्याचा ०२२ हा कोड, ४२१२०१ किंवा ४००६०१ सारखा पिन कोड, ‘मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व’ असा पूर्ण पत्ता ही माहिती चित्रात न छापता मजकूर म्हणून लिहिलेली असेल तर ती वाचली जाते. अनेक स्थानिक साइटवर पत्ता फक्त व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत असतो. ही चूक आज दुपारीच दुरुस्त करता येईल.

गुगलनेही आपल्या देशवाचक पत्त्यांवरचा भर कमी केला आहे. ऑक्टोबर २०१७ पासून शोधणारा कोणत्या देशाचे गुगल उघडतो यापेक्षा तो स्वतः कुठे आहे, यावर निकाल ठरू लागले. एप्रिल २०२५ मध्ये तर ‘गुगल डॉट को डॉट इन’ उघडणाऱ्यांनाही ‘गुगल डॉट कॉम’वर नेण्यात येईल, असे कंपनीने जाहीर केले. डोंबिवली स्टेशनबाहेर उभा राहून ‘चष्म्याचे दुकान’ शोधणाऱ्याला गुगल आधी त्याच्या आसपासची दुकाने नकाशासह दाखवते. त्या नकाशातल्या यादीचे तीन निकष गुगलने सांगितले आहेत: शोधाशी व्यवसाय किती जुळतो, तो किती जवळ आहे आणि तो किती प्रसिद्ध आहे. त्यात एक्स्टेन्शनचा उल्लेख नाही.

म्हणून ज्याचा सगळा धंदा दोन-चार किलोमीटरच्या परिघात आहे, म्हणजे पोळी-भाजी केंद्र, दवाखाना, शिकवणी, सलून, प्लंबर, त्याने एक्स्टेन्शनवर डोके खर्च करू नये. आधी गुगल बिझनेस प्रोफाइल स्वतःच्या नावावर घ्यावे. ते फुकट आहे. दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, खरे फोटो, नेमका व्यवसायप्रकार भरावा. दुकानाचे नाव पाटीवर जसे आहे तसेच प्रोफाइलवर, वेबसाइटवर आणि जस्टडायलवर असावे. गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या अभिप्रायांना उत्तरे द्यावीत, तक्रारीला तर जरूर द्यावे. डोमेन त्यानंतर, डॉट इन किंवा डॉट कॉम यांपैकी जे छोटे आणि स्पष्ट मिळेल ते.

कल्याणमधल्या व्यावसायिकाला मात्र एक वेगळी अडचण आहे, आणि ती एक्स्टेन्शनपेक्षा कितीतरी मोठी आहे. इंग्रजीत नुसते ‘कल्याण’ टाइप करून बघावे. मटक्याचे आकडे आणि ‘चार्ट’ दाखवणाऱ्या साइट आणि मूळ केरळातल्या त्रिशूरची कल्याण ज्वेलर्स यांचीच त्यात गर्दी असते. मटक्याशी या शहराचा संबंध नाही. १९६० च्या दशकात मुंबईत वरळीला मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून तो ‘कल्याण’ झाला. पण गुगलवर त्याच शब्दासाठी हजारो पाने आधीपासून बसलेली आहेत. शिवाय कल्याण हे नाव माणसांचे आहे, संस्थांचे आहे, सरकारी योजनांत तर ते जागोजागी आहे. त्यामुळे शहरातल्या सोनाराने, खेळणीवाल्याने किंवा वकिलाने नुसते ‘कल्याण’ धरून डोमेन घेणे म्हणजे नको त्या गर्दीत उभे राहणे. ‘कल्याण पश्चिम’, ‘खडकपाडा’, ‘दुर्गाडी’, ‘आधारवाडी’ असे ठिकाण मजकुरात यायला हवे, आणि डोमेनमध्ये दुकानाचे स्वतःचे वेगळे नाव असावे.

डोंबिवलीला स्पेलिंगचा त्रास आहे. इंग्रजीत कोणी ‘व्ही’नंतर ‘एल’ लिहितो, कोणी मध्ये ‘ए’ घालतो, कोणी ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’. शोधताना गुगल हे फरक बरेचसे सांभाळून घेते, पण पत्ता थेट टाइप करणारा माणूस एका अक्षराने चुकला की दुसरीकडेच पोहोचतो. शहराचे नाव डोमेनमध्ये घालायचेच असेल तर दोन प्रचलित स्पेलिंगे घेऊन एक दुसऱ्याकडे वळवावे. त्याहून सोपा मार्ग, शहर डोमेनमध्ये न घालणे.

आता नव्या एक्स्टेन्शनांकडे. शिकवणीवाल्यांना डॉट अॅकॅडमी आणि डॉट एज्युकेशन हमखास सुचवले जातात. दोन्ही खुली आहेत, कोणीही घेऊ शकतो. डॉट ईडीयू अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांसाठी आहे, तर डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन भारतातल्या शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहेत. खासगी क्लासला ती ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. डॉट ऑर्गही खुले आहे. ते संस्थेला शोभते, पण त्यावरून ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे असे कोणी मानू नये.

डॉट गव्ह डॉट इन आणि डॉट ईडीयू यांना गुगल जास्त गुण देते, अशीही दृढ समजूत आहे. ठाणे महापालिकेची ‘ठाणे सिटी डॉट गव्ह डॉट इन’ किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेची ‘केडीएमसी डॉट गव्ह डॉट इन’ मालमत्ता कर शोधताना वर दिसते, म्हणून तसे वाटते. पण ती वर असते कारण कर तिथेच भरायचा असतो, वर्तमानपत्रांपासून बँकांपर्यंत सगळे तिलाच लिंक देतात आणि नागरिक शोधतात तेही तिलाच. मराठी विश्वकोशाचे उदाहरण आणखी बोलके आहे. छापील खंडांतल्या नोंदी ‘विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन’वर आहेत आणि विश्वकोशाच्याच ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी ‘मराठी विश्वकोश डॉट ऑर्ग’वर. संस्था एक, एक्स्टेन्शने दोन. मराठीत एखादा वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक विषय शोधला की कधी एक वर येते, कधी दुसरे, कारण त्या विषयावर मराठीत नीट लिहिलेला मजकूर तिथे आहे. आपल्या विषयावर मराठीत चांगला मजकूर लिहिणारे थोडे आहेत, ही स्थानिक व्यावसायिकासाठी मोठी संधी आहे. दातांच्या डॉक्टरने ‘रूट कॅनलनंतर काय खावे’ हे स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहिले तर त्या पानाला स्पर्धा फार कमी असते.

स्वस्त आणि फुकट एक्स्टेन्शनांचा विषय थोडा सविस्तर बघायला हवा, कारण इथे खरे नुकसान होते. डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशी काही देशांची एक्स्टेन्शने फ्रीनॉम नावाची कंपनी वर्षानुवर्षे फुकट देत होती. विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी घेतली, छोट्या दुकानदारांनी घेतली, आणि फसवणूक करणाऱ्यांनी तर लाखोंनी घेतली. मेटाने या कंपनीवर दावा लावला, २०२३ च्या सुरुवातीला नवी नोंदणी थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. फुकटच्या पत्त्यावर मेहनतीने साइट उभी केलेल्यांची मेहनत अधांतरी राहिली.

गुगल एखाद्या एक्स्टेन्शनला सरसकट शिक्षा करत नाही. पण ज्या एक्स्टेन्शनवर नव्वद टक्के शेजारी फसवे असतील तिथे चांगल्या साइटलाही ओळख मिळवायला वेळ लागतो, हे गुगलचे जॉन म्युलर यांनीही फुकट सबडोमेनबद्दल बोलताना सांगितले आहे. शिवाय गुगलच्या बाहेरही जग आहे. कार्यालयांचे आणि शाळांचे फिल्टर अशा पत्त्यांवरून आलेले ईमेल अडवतात. व्हॉट्सअॅपवर आलेली अनोळखी शेपटाची लिंक लोक उघडत नाहीत, आणि सायबर फसवणुकीच्या दिवसांत ते योग्यच करतात. यादीत साइट वर दिसूनही लोकांनी तिच्यावर क्लिक केले नाही, तर त्या जागेचा उपयोग काय?

किमतीची गोमही इथेच आहे. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट मिळणारी अनेक नवी एक्स्टेन्शने दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला डॉट इनच्या कितीतरी पट पैसे मागतात. नोंदणी करण्यापूर्वी पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा आणि तो पाच वर्षांसाठी मोजावा.

ठाण्यातल्या नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांना डॉट एआय आणि डॉट आयओ यांचे आकर्षण आहे. ही मुळात देशवाचक एक्स्टेन्शने: डॉट एआय कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाचे, डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेशाचे. पण जगभर कोणीही वापरतात म्हणून गुगल काही देशवाचक एक्स्टेन्शनांना सर्वसाधारणच मानते. डॉट आयओ, डॉट को, डॉट मी, डॉट टीव्ही त्या यादीत आधीपासून होती, डॉट एआय २०२३ मध्ये आले. त्यामुळे डॉट एआय घेतल्याने साइट अँग्विलापुरती मर्यादित होत नाही. धोका वेगळा आहे. देशवाचक एक्स्टेन्शनचे भवितव्य त्या प्रदेशाशी बांधलेले असते. युगोस्लाव्हिया संपल्यावर त्याचे डॉट वाययू २०१० मध्ये बंद झाले. डॉट आयओ ज्या बेटांचे आहे त्यांच्या हस्तांतरणाचा करार ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात मे २०२५ मध्ये झाला. वीस वर्षे चालवायचा धंदा असेल तर हा विचार करूनच पत्ता निवडावा.

निर्यातदारासाठी हिशेब बदलतो. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे व्हॉल्व्ह जर्मनीला आणि दुबईला जात असतील तर डॉट इन त्याला भारतापुरते ठेवते, आणि ही खूण बदलता येत नाही. गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात देश निवडण्याची सोय होती, पण ती फक्त सर्वसाधारण एक्स्टेन्शनांसाठी. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तीही काढून टाकण्यात आली. अशा कारखान्याने डॉट कॉम घ्यावे आणि जर्मन गिऱ्हाइकासाठी जर्मन भाषेतली पाने वेगळ्या विभागात ठेवून त्यांना ‘एचरेफलँग’ ही पानाची भाषा सांगणारी खूण लावावी. प्रत्येक देशासाठी वेगळे डोमेन घेण्याचा सल्ला मोठ्या कंपन्यांना परवडतो; दहा-वीस माणसांच्या कारखान्याने तो ऐकू नये, कारण प्रत्येक डोमेनची पत शून्यापासून उभी करावी लागते. हीच गोष्ट न्यू जर्सीला किंवा लंडनला फराळ पाठवणाऱ्या गृहउद्योजिकेची. तिची ऑर्डर अनेकदा इथले आईवडील देतात, पण शोध तिकडची मुलगी घेते. म्हणून तिलाही डॉट कॉमच सोयीचे.

देवनागरीतला पत्ता हवा असेल तर डॉट भारत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ते देवनागरीत सुरू झाले आणि मराठी, हिंदी, कोकणी यांसह आठ भाषांसाठी ते चालते. गुगल देवनागरी पत्त्यांना इतरांसारखेच वाचते. त्यात ना बढती, ना कपात. व्यवहारात अडचण येते ती दुसरीकडे. असा पत्ता कॉपी करून पाठवला की अनेक ठिकाणी तो ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतो, आणि ईमेलसाठी तो सगळीकडे चालत नाही. मराठी प्रकाशक, वाचनालय, नाट्यसंस्था यांनी तो जरूर घ्यावा, भाषेसाठी घ्यावा. पण मुख्य साइट डॉट इन किंवा डॉट कॉमवर ठेवून देवनागरी पत्ता तिकडे वळवावा.

दोन डोमेन घेतल्यावर एक चूक फार दिसते: दोन्हींवर तीच साइट चढवणे. गुगल त्यातली एकच प्रत मुख्य मानते आणि मिळालेल्या लिंक दोन पत्त्यांत विभागल्या जातात. एक पत्ता मुख्य ठरवावा आणि दुसरा कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने, म्हणजे ‘३०१ रीडायरेक्ट’ने, त्याच्याकडे वळवावा.

एक्स्टेन्शन बदलताना तर ही काळजी अनेक पटींनी घ्यावी लागते, आणि बँकांनी केलेले काम नेमके हेच आहे. स्टेट बँकेने आधी स्वतःच्या नावाचे ‘डॉट एसबीआय’ घेतले होते, पुढे तिलाही ‘डॉट बँक डॉट इन’वर यावे लागले. असा पत्ता बदलताना जुन्या साइटचे प्रत्येक पान नव्या साइटच्या त्याच पानाकडे वळवावे. सगळी पाने नव्या मुखपृष्ठावर ढकलून दिली तर गृहकर्जाच्या पानाची दहा वर्षांची पुण्याई वाया जाते. सर्च कन्सोलमध्ये ‘पत्ता बदल’ नोंदवावा. पुनर्निर्देशन किमान एक वर्ष ठेवावे असे गुगल सांगते, पण रिक्षांच्या मागे, बिलबुकांवर आणि लोकांच्या मोबाइलमध्ये जुना पत्ता त्याहून खूप जास्त काळ राहतो. म्हणून जुने डोमेन सोडूच नये. सोडलेले डोमेन दुसरा कोणी उचलतो आणि त्यावर जुगाराची पाने चढवतो. तुमच्या नावाने छापलेला पत्ता तिकडे उघडतो. बदलानंतर काही आठवडे क्रम खालीवर होतो, त्याने घाबरून पुन्हा बदल करू नये. सणासुदीच्या तोंडावर, विशेषतः दिवाळीआधी, हे काम हातात घेऊच नये. आणि निव्वळ ‘रँकिंग वाढेल’ म्हणून डॉट इन सोडून डॉट कॉमला किंवा उलट जाणाऱ्याने ते करूच नये. त्यात मिळण्यासारखे काही नाही, गमावण्यासारखे बरेच आहे.

दुसऱ्याचे नामांकित नाव वेगळ्या एक्स्टेन्शनवर मोकळे दिसले म्हणून उचलण्याचा मोह टाळावा. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या बाजूने निकाल देऊन एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या ‘रॅडिफ डॉट कॉम’ला मनाई केली होती. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावाला व्यापारी नावासारखे संरक्षण मिळते हे मान्य केले. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे. याचा फायदा छोट्या दुकानदारालाही आहे: तुमच्या जुन्या, परिचित नावाने कोणी डॉट इन अडवून बसला असेल तर तुम्हीही तिथे दाद मागू शकता.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासावी. डोमेन कोणाच्या नावावर आहे? ठाणे-डोंबिवलीत वेबसाइट बनवून देणारे अनेकजण डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतात. त्यात नेहमी वाईट हेतू असतो असे नाही, गिऱ्हाईक स्वतःच ‘तुम्हीच सगळं बघा’ म्हणते. पण तो माणूस धंदा बंद करतो, गाव सोडतो किंवा भांडण होते, आणि नूतनीकरणाची सूचना गेलेला ईमेल कोणी उघडत नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सवलतीचा काळ असतो, त्यानंतर साधारण ३० दिवस जास्त पैसे भरून ते सोडवता येते, मग ५ दिवसांत ते सर्वांना मोकळे होते. पंधरा वर्षांची पत त्या ५ दिवसांनंतर परक्याची होऊ शकते. कोणते एक्स्टेन्शन घ्यावे हा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे.

म्हणून वाचकांनी या आठवड्यात एवढे करावे. आपल्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन जिथे नोंदवले त्या कंपनीच्या, साइटवर स्वतःच्या ईमेलने लॉगिन होते का, मालक म्हणून स्वतःचे किंवा फर्मचे नाव आहे का, मुदत कधी संपते आणि आपोआप नूतनीकरण चालू आहे का, हे पाहावे. नसेल तर वेबसाइटवाल्याला आजच लेखी कळवून डोमेन स्वतःच्या खात्यात मागून घ्यावे. पैसे तुम्ही भरलेत, ते तुमचे आहे.